बाई गेल्या, आता स्मरणिका काढायची आहे

दहावीच्या १९९० च्या आसपासच्या तुकड्या आता पन्नाशीत आहेत, म्हणजे त्यांना शिकवणाऱ्या बाई आणि सर पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे एकाच विषयाची पत्रं जास्त आली : शिक्षक गेल्यावर शाळेने आणि विद्यार्थ्यांनी काय करायचं, त्यांची आठवण कशी जपायची. या वेळचं सदर त्या पत्रांनाच दिलं आहे. नावं आणि शाळा अर्थातच गाळल्या आहेत.

प्रश्न : आमचे विज्ञानाचे सर नोकरीत असतानाच अचानक वारले. उद्या परिपाठात मुलांना काय सांगायचं? शाळा सोडून द्यावी का? – सहशिक्षिका, सातारा जिल्हा

सर ज्या वर्गाचे वर्गशिक्षक होते त्या वर्गाला परिपाठाच्या आधी, वर्गातच सांगा. सगळ्या शाळेसोबत मैदानावर ऐकण्याची वेळ त्या मुलांवर आणू नका. वाक्य साधं ठेवा : ‘सरांचं काल रात्री निधन झालं. ते आता शाळेत येणार नाहीत.’ प्राथमिकच्या मुलांसमोर ‘देवाघरी गेले’, ‘झोपले ते उठलेच नाहीत’ असं बोलणं टाळा. लहान मुलं ते शब्दशः घेतात, मग कुणी विचारतं परत कधी येणार आणि कुणी रात्री झोपायला घाबरतं. मृत्यूचं कारण घरच्यांनी सांगायला हरकत नाही म्हटलं तरच सांगावं.

शाळा लगेच सोडू नये असं आमचं मत. सकाळी अकरा वाजता सोडलेलं मूल कुलूप लावलेल्या घरी जातं. अंत्यविधीला यायचंच असेल अशा मोठ्या मुलांना पालकांच्या चिठ्ठीवर, दोन शिक्षकांसोबत पाठवा. सरांच्या तासिकेला त्या दिवशी दुसरा विषय घुसवू नका. वर्गशिक्षकाने नुसतं जाऊन बसावं, मुलं बोलतील ते ऐकावं. बदली शिक्षकाने तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विषय हातात घ्यावा.

आता खरी अडचण येते ती कपाटाशी. कुलूप एकट्याने उघडू नका. घरचं एक माणूस आणि दोन सहकारी असावेत, समोरच यादी व्हावी. मूल्यमापनाच्या नोंदी, उत्तरपत्रिका, प्रयोगशाळेच्या किल्ल्या शाळेकडे. चष्मा, डबा, पेनं, खाजगी वह्या घरच्यांकडे. टाचणवही (पाठाच्या तयारीची वही) नियमाने शाळेची असली तरी तिची झेरॉक्स घरच्यांना द्या. अर्ध्या तपासून झालेल्या वह्यांचा गठ्ठा सापडला तर तो तसाच मुलांना परत करा. उरलेली पानं दुसऱ्या कुणी लाल पेनने त्याच वहीत तपासून टाकली की सरांचा शेवटचा शेरा कुठला, ते पुन्हा कळत नाही. पुढचं काम नव्या वहीत सुरू करा.

प्रश्न : शोकसभा दोन तास चालते आणि शेवटी मुलं पेंगतात. कशी आखावी?

पंचेचाळीस मिनिटं पुरे. पाच वक्ते, प्रत्येकी चार मिनिटं. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, तेव्हा साडेचारशे शब्द लिहून आणायला सांगा. एक सहकारी, एक माजी विद्यार्थी, एक आताचा विद्यार्थी, एक पालक आणि एक शिपाईमामा किंवा मावशी. हे शेवटचं नाव बहुतेक ठिकाणी राहून जातं. पण सर शाळेत किती वाजता येत, सुट्टीच्या दिवशी येऊन काय करत बसत, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आयत्या वेळी आलेल्या पाहुण्यांना ‘दोन शब्द’ बोलायला लावू नका, हार घालायला सांगा.

शोकप्रस्ताव सहसा अध्यक्षच मांडतात आणि तो उभं राहून संमत होतो, टाळ्या नसतात. त्यात विशेषणं नकोत, नोंद हवी : नाव, किती सालापासून किती सालापर्यंत, कोणत्या इयत्तांना कोणता विषय, शाळेत उभं केलेलं एखादं काम, निधनाची तारीख, मग ‘ही सभा त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे. हा ठराव इतिवृत्तात नोंदवावा व त्याची प्रत कुटुंबीयांना द्यावी, असे ठरले.’ ही प्रत देणं हमखास विसरलं जातं. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह, घरी जाऊन द्या.

दोन मिनिटं मौन घड्याळ लावून पाळा, प्राथमिकला एकच मिनिट. आणि मौनाची वेळ घंटेच्या वेळेपासून लांब ठेवा. मौनाच्या मध्येच मधल्या सुट्टीची घंटा होऊन शे-दीडशे मुलं उधळतात, हा प्रकार वाटतो तितका दुर्मिळ नाही. घंटा यंत्रावर असेल तर त्या दिवसापुरती बंद करा.

प्रश्न : फ्लेक्सवर ‘कै.’ लिहावं की ‘दिवंगत’? – माजी विद्यार्थी संघ, अमरावती

घरचे लिहितात तसं. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. वारकरी घरांत ‘वै.’, वैकुंठवासी. बौद्ध घरांत ‘कालकथित’, मुस्लिम कुटुंबांसाठी मराठीत ‘मरहूम’ किंवा ‘पैगंबरवासी’, ख्रिस्ती कुटुंबांसाठी ‘ख्रिस्तवासी’. सरसकट सगळ्यांना ‘कै.’ लावणं चूक आहे आणि ती चूक घरच्यांना टोचते. विचारायला संकोच वाटत असेल तर ‘दिवंगत’ कुणालाही चालतं.

शुद्धलेखनाकडेही बघा. मराठीच्या बाईंच्याच फ्लेक्सवर ‘श्रध्दांजली’ छापलेलं असतं. बरोबर रूप श्रद्धांजली : आधी द, त्याला ध जोडलेला, ‘शुद्ध’मध्ये असतो तसा. ‘स्मृतीदिन’ नव्हे स्मृतिदिन, ‘स्मृतीचिन्ह’ नव्हे स्मृतिचिन्ह. आणि ‘स्मृतिप्रीत्यर्थ’मधला प्री दीर्घ, कारण तो प्रीति अधिक अर्थ आहे. फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो न पाठवता टाइप केलेला मजकूर पाठवा, निम्म्या चुका तिथेच टळतील.

प्रश्न : बाईंवर स्मरणिका काढतोय. आवाहन केल्यावर त्रेचाळीस लेख आले. सगळ्यांत ‘वरून कडक पण आतून प्रेमळ’ हेच आहे. काय करावं? – संपादन समिती, नाशिक

दोष लिहिणाऱ्यांचा नाही, आवाहनाचा आहे. ‘बाईंविषयीच्या आठवणी पाठवा’ असं विचारलं की माणूस निबंध लिहितो. फणस, नारळ, दीपस्तंभ, ‘पोकळी कधीही भरून निघणार नाही’ हे आपोआप येतं, कारण निबंध असाच लिहायचा असतो हे शाळेतच शिकलेलं असतं, कदाचित बाईंकडेच.

त्रेचाळीस जणांना पुन्हा विचारा, पण नेमकं. आम्ही हे पाच प्रश्न सुचवू : बाईंची एखादी तासिका आठवते का, कोणता पाठ किंवा कविता होती? त्यांच्या तोंडी नेहमी असणारं एक वाक्य कोणतं, जसंच्या तसं? त्यांच्या हातात किंवा टेबलावर कायम काय असायचं? त्यांनी तुमच्या वहीत किंवा प्रगतिपुस्तकात लिहिलेला एखादा शेरा? त्यांच्यामुळे तुम्ही आज कोणती गोष्ट वेगळ्या रीतीने करता? उत्तर तीनशे शब्दांत. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर विचारा आणि तुम्ही उतरवून घ्या. गृहिणी, रिक्षावाले, शेतकरी विद्यार्थी लेख पाठवत नाहीत, पण फोनवर उत्तम बोलतात. तसं केलं नाही तर स्मरणिकेत डॉक्टर आणि इंजिनिअरच उरतात आणि बाईंनी फक्त हुशार मुलांनाच शिकवलं असं दिसतं.

संपादन कसं करायचं त्याचा एक नमुना. आलेलं वाक्य समजा असं आहे : ‘बाई अत्यंत तळमळीने व्याकरण शिकवीत व कच्च्या विद्यार्थ्यांकडे जातीने लक्ष देत.’ फोन करून ‘म्हणजे काय करायच्या?’ एवढंच विचारा. मग कळतं : ‘फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून रोज एक चुकीचा शब्द लिहायच्या. शनिवारपर्यंत सहा जमायचे. शनिवारी शेवटच्या बाकावरच्यांनी येऊन ते दुरुस्त करायचे, पहिल्या बाकावरच्यांनी गप्प बसायचं.’ तळमळ हा शब्द आता काढून टाका, त्याची गरज उरली नाही. जाता जाता, शिकवण्याची एक रीतही नोंदली गेली, जी दुसरा शिक्षक उद्या वापरू शकेल.

एकच प्रसंग चौघांनी लिहिला असेल तर सर्वांत तपशीलवार लेख ठेवा, बाकीच्या तिघांकडून दुसरी आठवण मागा. आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत (एकाला बाईंची साडी निळी आठवते, दुसरीला पांढरी) तर दोन्ही राहू द्या. तारखा आणि साल मात्र जुळलेच पाहिजेत.

मजकूर फक्त लेखांत नसतो. शाळेची सूचनावही, निरीक्षकांच्या शेऱ्यांची वही, स्नेहसंमेलनाचे अहवाल, आणि कपाटावर धूळ खात पडलेली वार्षिक हस्तलिखितं चाळा. हाताने अंक लिहून काढण्याची परंपरा मराठी शाळांत जुनी आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. तुमच्या शाळेतल्या हस्तलिखितात बाईंचं संपादकीय, निदान त्यांच्या अक्षरातली अनुक्रमणिका सापडेल. ते पान स्कॅन करून तसंच छापा. एका पानभर अक्षराने जे होतं ते चार लेखांनी होत नाही.

प्रश्न : सरांची जन्मतारीख १ जून छापली, तर घरचे म्हणतात ते दिवाळीत जन्मले. खरं काय?

दोन्ही. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून टाकून दिलेली हजारो माणसं महाराष्ट्रात आहेत, त्यांतलीच काही पुढे स्वतः गुरुजी झाली. नोकरीचा हिशेब कागदावरच्या तारखेने चालतो : शाळाशिक्षकाचं निवृत्तीचं वय ५८, आणि महिन्याच्या १ तारखेला जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. म्हणून १ जूनवाले ३१ मे रोजी निवृत्त झालेले दिसतात. ती छपाईची चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका. स्मरणिकेत ‘शाळेच्या नोंदीप्रमाणे १ जून’ आणि घरची तिथी, दोन्ही द्या. रुजू झाल्याची, बदलीची आणि मुख्याध्यापक झाल्याची तारीख आठवणीवरून लिहू नये, सेवापुस्तिकेवरून घ्यावी. नोकरीत असताना निधन झालं असेल तर कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या प्रस्तावाबरोबर सेवापुस्तिका शाळेबाहेर जाते, तेव्हा त्याआधीच लिपिकांकडून तारखा उतरवून घ्या.

प्रश्न : जुने फोटो जमवतोय. छापल्यावर धूसर येतात.

व्हॉट्सॲपवरून ‘फोटो’ म्हणून आलेली प्रत बारीक झालेली असते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. छपाईला इंचाला ३०० ठिपके (डीपीआय) लागतात, म्हणजे चार इंच रुंद छापायचा तर फोटो किमान १२०० पिक्सेल रुंद हवा. स्कॅन करताना आहे त्याच आकारात छापायचा असेल तर ३०० डीपीआय, दुप्पट मोठा करायचा असेल तर ६००. ओळखपत्रावरचा एवढासा फोटो पानभर करायचा मोह टाळा. कितीही डीपीआय लावा, मूळ फोटोत नसलेलं वाढत नाही. संगणकाकडून चेहरा ‘स्पष्ट’ करून घेतला तर तो सरांसारखा दिसणारा दुसराच माणूस होतो. डाग, ओरखडे काढा, चेहऱ्याला हात लावू नका.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, कोपरे फाटतात. दात साफ करायचा धागा फोटोमागून हळूहळू करवतीसारखा सरकवत न्या. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करा. मोबाइलने फोटोचा फोटो काढणार असाल तर खिडकीशेजारी, फ्लॅश बंद, फोटो जमिनीवर सपाट आणि मोबाइल बरोबर वर, समांतर. काचेतला फोटो फ्रेममधून बाहेर काढूनच. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा उठाव पुढच्या बाजूला चेहऱ्यावर येतो.

वर्गाच्या ग्रुप फोटोखाली ‘बसलेले, डावीकडून’ अशी नावं लिहिताना डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून. नावं एकट्याच्या आठवणीवर सोडू नका. फोटोवर आकडे घालून त्या तुकडीच्या ग्रुपवर टाका, दोन दिवसांत भरून येतात. जे ओळखता आलं नाही तिथे रिकामी रेघ ठेवा, अंदाज नको.

प्रश्न : छापखान्यात काय सांगायचं?

डेमी एक अष्टमांश (साडेपाच गुणिले साडेआठ इंच) हा आकार सोयीचा. एक फॉर्मा (छापून घडी घातलेला एक मोठा कागद) १६ पानांचा, म्हणून पानं १६ च्या पटीत बसवा : ६४ किंवा ८०. फार तर अर्धा फॉर्मा, ७२. सत्तर पानं झाली असतील तर दोन भरण्यापेक्षा सहा कापणं बरं. कापल्याने स्मरणिका सहसा सुधारते. आत ७० किंवा ८० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) मॅपलिथो हा साधा छपाईचा कागद, फोटोंची ८ पानं १३० जीएसएम आर्ट पेपरवर वेगळी, मुखपृष्ठ ३०० जीएसएमचं. आर्ट पेपरची पानं फॉर्म्यांच्या मध्येच घालता येतात, वाटेल तिथे नाही, म्हणून लेखातच ‘फोटो शेजारी पाहा’ असं लिहू नका. ६४ पानांपर्यंत मधली पिन टिकते, त्याहून जाड झालं की गम बाइंडिंग. दोन-अडीचशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई, पुढे ऑफसेट परवडतं.

मजकूर युनिकोडमध्ये जमतो आणि छापखाना जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, तिथे घात होतो. रफार उडतो, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावत असतील तर त्यातलं ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ चालू आहे का विचारा, नसेल तर जोडाक्षरं तुटतात. शेवटचं प्रूफ मोबाइलवर नाही, कागदावर तपासा. नावांचं प्रूफ वेगळं, उलट्या क्रमाने, शेवटच्या पानापासून. वाचत गेलात की चूक दिसत नाही.

जाहिराती नकोत. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली टाइल्सच्या दुकानाचा पत्ता, हे पान दहा वर्षांनी कुणालाच बघवत नाही. देणगीदारांची यादी शेवटी एका पानावर, रकमा न छापता. आणि विद्यार्थ्यांचे फोननंबर कुठेही छापू नका.

प्रश्न : बाईंच्या नावे पारितोषिक ठेवायचं आहे. एक लाख जमलेत. काही पैसे अमेरिकेतूनही येणार आहेत. – बॅच १९९२, ठाणे

दोघाचौघांच्या जॉइंट खात्यात ठेव ठेवू नका. व्याज त्यांच्या उत्पन्नात मोजलं जातं, आणि पंधरा वर्षांनी त्यांतलं कुणी गेलं की पैसे वारसांच्या फेऱ्यात अडकतात. शाळा चालवणाऱ्या नोंदणीकृत न्यासाच्या नावे, ‘कायम निधी’ असं स्पष्ट लिहिलेल्या पत्रासह द्या. संस्थेच्या ताळेबंदात तो निधी वेगळा दिसतो का, हे दरवर्षी एकाने पाहावं. ठेवपावती मुख्याध्यापकांच्या खणात राहिली की बदलीबरोबर हरवते.

हिशेब असा : एक लाखावर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६,५०० रुपये. सगळे वाटून टाकलेत तर सहा टक्के महागाईत बारा वर्षांनी त्या पारितोषिकाची किंमत निम्मी. जुन्या शाळांत आजही एकावन्न रुपयांची पारितोषिकं निघतात ती यामुळेच. सव्वाचार हजार वाटा, उरलेले मुद्दलात घाला. ठेव चक्रवाढीची नको, वार्षिक व्याज देणारी, आणि व्याज स्नेहसंमेलनाच्या आदल्या महिन्यात हातात येईल अशी.

निकष लिहिताना ‘मराठीत प्रथम’ एवढ्यावर थांबू नका. समान गुण मिळाले तर काय? तुकडी बंद झाली, विषय बदलला, शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली तर? ‘अशा वेळी रक्कम शाळेच्या ग्रंथालयाला’ ही एक ओळ आजच लिहा. आणि बाई शेवटच्या बाकासाठी झटत असतील तर पहिल्या नंबराला बक्षीस देणं विसंगत आहे. वर्षभरात सर्वांत जास्त सुधारणा केलेल्याला द्या.

दोन हजारांहून जास्त रोख देणगीवर ‘८०जी’ची आयकर सवलत मिळत नाही, बँकेतून द्या. नवी करप्रणाली घेतली असेल तर ती तशीही नाही. अमेरिकेचं मात्र नीट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, मग ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी, त्याचे पैसे कायद्याने परदेशी देणगी ठरतात. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायची परवानगी) नसेल तर ते घेऊच नका. ‘भावाच्या खात्यात टाकतो, तो तुम्हाला देईल’ ही पळवाटही नको, अडचणीत शाळा येते.

प्रश्न : सर मारायचे. बऱ्याच जणांनी ‘छडीमुळेच घडलो’ असं लिहिलंय. छापावं का?

छापा, पण तेवढंच नको. ज्याला मारलं आणि जो घडला नाही, शाळा सोडून गेला, त्याने लेख पाठवलेला नाही हे लक्षात असू द्या. शिक्षण हक्क कायद्याने (२००९, कलम १७) शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि स्मरणिका आजच्या मुलांच्याही हातात जाणार. छडीचा गौरव करणारी वाक्यं काढा, घडलेली गोष्ट राहू द्या. सरांनी पुढे छडी सोडली असेल तर कधी, हे सहकाऱ्यांना विचारून जरूर लिहा.

प्रश्न : बाईंचे व्हॉइस मेसेज ग्रुपवर आहेत. जपायचे कसे?

आजच मोबाइलमधून बाहेर काढा. मेसेज दाबून धरा, शेअर करून ईमेलवर किंवा ड्राइव्हवर पाठवा. फाइलच्या नावातच तारीख आणि विषय घाला, नाहीतर ‘पीटीटी’ने सुरू होणाऱ्या चाळीस फायलींत ओळखू येत नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक घरच्यांकडे.

आणि बाईंचा नंबर ग्रुपमधून काढायला संकोच करू नका, घरच्यांना विचारून काढा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग गुरुपौर्णिमेला तुकडीचे तीस नमस्कार एका अनोळखी माणसाला जातात, आणि कधीकधी त्याचं उत्तरही येतं : ‘कोण बोलतंय?’